बावन्न पैशांचं गाव

विहिरीचं पाणी आटलं की तळाशी काय काय दिसायला लागतं. कुणाची बादली, कुणाची कळशी, दोराचं वेटोळं, एखादी चप्पल. सगळं आधीपासून तिथंच असतं, वर पाणी असतं म्हणून दिसत नाही. आमच्या तलाठ्यांच्या किश्श्यांचंही तसंच आहे. पाऊस चांगला झाला त्या वर्षी तालुक्याच्या ऑफिसात चहाला बसलो तर बोलायला विषय सापडत नाही, शेवटी कुणाच्या तरी गुडघेदुखीवर गाडी येते. पण पावसानं दडी मारली की प्रत्येक जण आपापल्या गावाची एकेक गोष्ट घेऊन येतो आणि चहा गार होऊन जातो.

माझ्याकडं जेवढे किस्से साठलेत त्या सगळ्यांत एक माणूस आहेच. गुरुनाथ बिराजदार. त्याचं नि माझं नेमणुकीचं पत्र एकाच दिवशी आलं, ट्रेनिंगला आम्ही एकाच बाकावर बसलो, आणि गावंही मिळाली शेजारशेजारची. त्याला शिरगोंडी, मला माळगोंडी. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीकडं. मधे एक ओढा आहे. अलीकडं माझं गाव, पलीकडं त्याचं. जुळे सोलापुरात आमची घरंसुद्धा एकाच गल्लीत आहेत, आणि रोज आम्ही एकाच मोटारसायकलवर कामाला जातो. एक दिवस त्याची गाडी, एक दिवस माझी.

आधीच सांगून टाकतो, मी या माणसावर जळतो. माझ्या बायकोला हे माहीत आहे, ऑफिसातल्या शिपायाला माहीत आहे, बिराजदारला स्वतःलाही माहीत असावं. तो वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर जळायला काही वाटत नाही. हा तर वाईटही नाही! अक्षर छापल्यासारखं, पन्नाशी आली तरी डोक्यावर सगळे केस, आणि त्याची गाडी पहिल्या किकला सुरू होते.

* * *

सुरुवात घरापासूनच करतो. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गल्लीच्या तोंडाशी बिराजदारचं घर, शेवटाला माझं. त्याच्या हौदात पाणी धो धो पडतं, आणि माझ्यापर्यंत येईतो नळ नुसता सुस्कारे टाकतो. म्हणून मी ठरवलं की बोअर घ्यायचं.

मी रीतसर पाणाड्या आणला. जेऊरकडचा, नावाजलेला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो माझ्या प्लॉटवर तासभर फिरला. ईशान्येच्या कोपऱ्यात आला आणि नारळ उभा राहिला! मी तिथं चुन्यानं फुली मारली, बायकोनं हळदकुंकू वाहिलं, तोच नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. दिवसभर खडखडाट चालला. साडेचारशे फूट खाली गेलो तरी वर आला तो नुसता फुफाटा, आणि तो गल्लीतल्या सगळ्यांच्या वाळवणावर जाऊन बसला.

गाडी माघारी निघाली तेव्हा बिराजदार दारात उभा होता. आलीच आहे तर आमच्याकडंही एक मारून जा, म्हणाला. ड्रायव्हरनं विचारलं, कुठं मारू? बिराजदार म्हणाला, तुला गाडी लावायला जिथं सोपं पडेल तिथं मार.

एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. सगळी गल्ली भिजली.

माझी बायको जिन्यात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "पाणाड्यानं नारळ आपला फोडला आणि पाणी त्यांना दाखवलं."

पुढच्याच आठवड्यात बिराजदारच्या बायकोनं पाइप टाकून आमच्या हौदात पाणी सोडलं. अजूनही सोडते, न मागता. आमच्या घरात सगळे म्हणतात पाणी गोड आहे. मला ते खारट लागतं.

* * *

आता पैसेवारीचं सांगतो. यातले पैसे म्हणजे खिशातले पैसे नव्हेत. पीक पुरं आलं तर शंभर पैसे धरतात, निम्मं आलं तर पन्नास. पन्नासच्या खाली गेलं की गाव दुष्काळी यादीत जातं, वर राहिलं की बाहेर. हे ठरवायला गावातली काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. त्या शेतात खुंट्या ठोकून, दोरी बांधून दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखतात, आणि सुगीला तेवढाच तुकडा चार पंचांसमोर कापून, मळून, दाण्यांचं वजन करतात. याला पीककापणी प्रयोग म्हणतात. वजन कागदावर गेलं की गावाचं नशीब कागदावर गेलं.

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी राहिली. माळगोंडीत सहा शेतं निवडली गेली, त्यात एक सिद्रामप्पाचं होतं. सिद्रामप्पा म्हणजे ताठ मिशीचा, इस्त्रीच्या टोपीचा गडी. त्याच्या शेतातलं सगळं काम त्याची बायको महादेवी करते, आणि त्या शेताबद्दलचं सगळं बोलणं सिद्रामप्पा करतो. मी खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि त्याला बजावलं की या तुकड्यातलं ज्वारीचं एक ताटही काढायचं नाही, सुगीला सरकारी माणसं येऊन हाच तुकडा कापणार.

"सरकारी माणसं म्हंजी किती जण?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, असतील पाच-सहा. त्यानं गंभीरपणे मान हलवली.

सुगी आली. पाच शेतांत ज्वारी कसली, चिपाडंच होती. शेवटच्या दिवशी सिद्रामप्पाच्या रानात गेलो. सगळं रान पिवळं पडलेलं, आणि दोरीच्या आत कणसं अशी की मुठीत मावेनात! काळ्या मातीचं रान आहे, एखाद्या जागी ओल धरून राहते, असं कुणीतरी म्हणालं. आम्ही कापलं, मळलं, काट्यावर घातलं.

आता मी काय सांगतो ते नीट ऐका. त्या दिवशी सकाळी गाडीवर बिराजदारनं मला त्याच्या शिरगोंडीतली वजनं सांगितली होती. काटा थांबला तेव्हा माझ्या डोक्यात पन्नास पैसे नव्हते, दुष्काळी यादी नव्हती, गाव नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त त्याचा आकडा आणि माझा आकडा होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा मोठा होता! मी पंचनामा लिहिला, सह्या घेतल्या, बांधावरच्या दगडाला चपला घासल्या आणि गाडीवर बसलो. परतीच्या वाटेत ते वजन मी बिराजदारला तीनदा सांगितलं.

"चांगलंय की," तो म्हणाला. तेवढंच. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

पंधरा दिवसांनी तालुक्याची यादी लागली. शिरगोंडी चव्वेचाळीस पैसे. माळगोंडी बावन्न. सिद्रामप्पाच्या त्या एका तुकड्यानं अख्ख्या गावाला ओढत पन्नासच्या वर नेऊन बसवलं होतं.

* * *

दुष्काळाचा हेवा वाटतो हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं, माळगोंडीत डोळ्यांनी बघितलं.

शिरगोंडीला शेतसारा माफ झाला. शिरगोंडीच्या पोरांची परीक्षा फी माफ झाली. दोन्ही गावांचं हायस्कूल एकच, बाक एकच, आणि एका बाकावरच्या दोघींतली एक दुष्काळी, दुसरी सुकाळी! एक बाई माझ्याकडं आली आणि हळूच विचारू लागली की तिच्या मुलीचं नाव शिरगोंडीतल्या मामाच्या घरात लावून तिला दुष्काळात घेता येईल का. आमच्या चावडीवर म्हातारे बसायचे ते ओढ्यापलीकडं बघत उसासे टाकायचे. "त्येंचा दुष्काळ लई झ्याक हाय," असं एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

उन्हाळा लागला तशी माळगोंडीची विहीर तळाला गेली. शिरगोंडीला रोज टँकर यायचा आणि ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीत पाणी ओतायचा. विहीर शिरगोंडीच्या हद्दीत, पण आमच्या गावातून दिसते. आमच्या बायका हंडे घेऊन तिथं गेल्या. शिरगोंडीची एक बाई विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमी बावन्न पैशाची माणसं," ती म्हणाली. "तुमी हितं कशाला? दुष्काळ आमचा हाय."

शेवटी बिराजदारनंच त्या बायकांना समजावलं, कन्नडमधून. शिरगोंडीचं भरून झालं की माळगोंडीनं भरावं असं ठरलं. म्हणजे आमच्या बायकांनी उन्हात दोन तास बसायचं आणि मग तळातलं गढूळ उपसायचं. तरी माळगोंडीतली माणसं मला भेटली की बिराजदारचं गुणगान करायची. बिराजदार भाऊसाहेब लई भला माणूस, म्हणायची. मी मान हलवायचो. मानेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

* * *

वजन एवढं आलं कसं हे गावाला कळलं ते सिद्रामप्पाच्याच तोंडून. देवळासमोर सभा बसली होती. सरपंच म्हणत होते की बावन्न पैसे आले कुठून हे देवालाच ठाऊक. तेव्हा सिद्रामप्पा टोपी सारखी करत उभा राहिला. गावाचं नाव राखल्याबद्दल कुणी आपलं कौतुक केलं नाही याचा त्याला राग आला होता.

त्यानं सांगितलं की खुंट्या ठोकल्यापासून सुगीपर्यंत त्या तुकड्याला एक दिवसाआड पाणी घातलेलं आहे. ओढ्याच्या डबक्यात तेव्हा पाणी होतं, तिथून हंड्यानं आणून.

"सरकारी माणसं माज्या रानात येणार, आन् त्येस्नी चिपाडं दावू व्हय?" तो म्हणाला. "शिरगोंडीवाले हसलं असतं की. आन् कापायच्या दिशी सकाळी सडाबी टाकला. पावणं येणार म्हटल्यावर दारात टाकतुया न्हवं, तसा."

कुणाला हसावं की मारावं ते कळेना. मग बायकांच्या बाजूनं महादेवी उठली.

"पाणी म्या आणलं, नाव ह्येंचं झालं," ती म्हणाली. "आता उन्हाळाभर पाणी ह्येंनी आणावं. नाव माजं हू द्या."

ठराव एकमतानं पास झाला. सिद्रामप्पा सायकलला घागरी लावून शिरगोंडीच्या विहिरीवर जायला लागला. तिथल्या बायका त्याला बघून पदर तोंडाला लावायच्या. आठ दिवस गेला, नवव्या दिवशी त्याची कंबर धरली. दहाव्या दिवसापासून डोक्यावर हंडा घेऊन पुन्हा महादेवीच.

* * *

सभेचा एक परिणाम झाला. गावानं अर्ज केला की त्या तुकड्याला पाणी दिलेलं होतं, सबब प्रयोग रद्द करून पैसेवारी पुन्हा काढावी. अर्ज घेऊन मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. आमच्या नायब तहसीलदार मॅडम वयानं लहान, पण कागद वाचायला बसल्या की डोळ्याची पापणी हलत नाही. त्यांनी अर्ज वाचला, माझा पंचनामा मागवला, तोही वाचला.

त्या म्हणाल्या की यादी लागल्यावर बरीच गावं असलं काहीतरी घेऊन येतात, त्यामुळं शेतकऱ्याच्या सांगण्यावर प्रयोग रद्द होत नाही. तलाठ्यानं त्या दिवशी जागेवर काय बघितलं हे महत्त्वाचं. मग त्यांनी पंचनाम्यावर बोट ठेवलं.

"माने, तुम्ही इथं 'जमीन कोरडी' असं लिहिलंय. जमीन कोरडी होती का?"

बाहेर व्हरांड्यात बिराजदार माझी वाट बघत बाकावर बसला होता. दारातून मला त्याचे गुडघे दिसत होते, आणि गुडघ्यावर त्याची ती नीटनेटकी फाइल.

"कोरडी होती," मी म्हणालो.

"मग दुष्काळ मी कुठून आणू?" मॅडम म्हणाल्या आणि अर्ज फाइलला लावला.

* * *

मग दिल्लीहून पथक आलं. दुष्काळी गावं बघायला. गाव यादीत नसलं तरी शिरगोंडीचा रस्ता माळगोंडीतूनच जातो, म्हणून आम्हीही तयारी केली. गाड्या थांबतील न थांबतील, आपण उभं राहायला काय जातंय! रस्त्याच्या कडेला बायका रिकामे हंडे घेऊन ओळीनं उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यांनी ज्वारीची वाळकी ताटं हातात धरली. मी पुढं, हातात नकाशा.

पाच गाड्या धुरळा उडवत आल्या. एकीची काच खाली झाली. आतल्या साहेबांनी आमच्याकडं बघून हात हलवला. आणि मी, काय सांगू, मीही हलवला! पाचही गाड्या निघून गेल्या.

शिरगोंडीत पथकाला दहा मिनिटं थांबायचं होतं. पण पथकातले एक साहेब धारवाडकडचे निघाले. बिराजदार त्यांच्याशी कन्नडमधून बोलायला लागला. साहेबांनी किती महिन्यांनी आपली भाषा ऐकली कोण जाणे, ते विहिरीच्या कठड्यावरच बसले. कडक भाकरी, शेंगाचटणी आली. पाऊण तास झाला तरी पथक हलेना. मी माळशिरसकडचा, उसाच्या पट्ट्यातला. कन्नड म्हणावं तर मला 'नीरु' आणि 'इल्ला' एवढे दोनच शब्द येतात. म्हणजे पाणी आणि नाही. दुष्काळासाठी खरं तर तेवढे पुरे होते, पण विचारणार कोण?

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधे साहेब, शेजारी बिराजदार, केसांचा भांग जागच्या जागी. बायकोनं फोटो बारकाईनं बघितला आणि म्हणाली, तुम्ही पण आहात की! मी धावत गेलो. फोटोच्या कोपऱ्यात माझी मोटारसायकल आली होती. त्या दिवशी गाडीची पाळी माझी होती, आणि मला माळगोंडीत सोडून बिराजदार तीच घेऊन पुढं गेला होता.

* * *

पण माझाही एक दिवस आला. तो किस्सा मी जरा चवीनं सांगतो, मला सांगू द्या.

शिरगोंडीचे सरपंच शिवलिंगप्पा. त्यांचा मुलगा मल्लिनाथ, शिकलेला, दिसायला चांगला. त्याला स्थळ आलं. मुलीचे वडील घर बघायला आले, आणि नेमका त्याच वेळी टँकर गावात शिरला. मुलीच्या वडिलांनी टँकर बघितला. टँकरमागं पळणाऱ्या बायका बघितल्या. आपली मुलगी त्यांत पळताना दिसली असावी. चहा आला तर त्यांनी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. उपास आहे म्हणाले. पुढं निरोपच नाही. दुसरं स्थळ आलं, तेही गेलं. मध्यस्थांनी शिरगोंडीचं नावच टाकलं. दुष्काळी यादीतलं गाव, तिथं कोण मुलगी देणार?

आणि माळगोंडीत त्याच उन्हाळ्यात तीन साखरपुडे झाले! पाणी तिथंही नव्हतं. पण यादीत नाव नव्हतं. बावन्न पैशांचं गाव म्हणून मध्यस्थ सांगत होते, तिथली ज्वारी मुठीत मावत नाही म्हणून. आमच्या तीनही मुलांनी मुलीकडच्यांना बघायला बोलावलं ते सकाळी लवकर, बायका हंडे घेऊन निघायच्या आत.

एक दिवस गाडीवर मागं बसलेला बिराजदार माझ्या कानाशी वाकला. मग म्हणाला, "माने, तुझं बावन्न बघून आमच्या गावाच्या पोटात दुखायला लागलंय. माझ्यासुद्धा."

मी गाडी हळू केली. ते वाक्य पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी म्हणालो, वाऱ्यानं नीट ऐकू आलं नाही. बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं. नोकरीतला माझा सगळ्यात सुखाचा दिवस तोच. सोलापूरपर्यंत मी शीळ घालत गेलो. ओढा ओलांडताना पलीकडच्या विहिरीवर आमच्या बायका पाळी यायची वाट बघत उन्हात बसलेल्या दिसल्या. महादेवीनं मला हात केला. त्या दिवशी मीही हसून हात केला.

* * *

शेवटचा किस्सा पुढच्या वर्षाचा. पाऊस पुन्हा तसाच. पुन्हा खुंट्या, पुन्हा दोऱ्या. शिरगोंडीत निवडलेल्या शेतांत खुद्द शिवलिंगप्पांचं शेत निघालं. तालुक्याचा हुकूम असा होता की या खेपेला शेजारच्या गावाचा तलाठी साक्षीला हजर पाहिजे, म्हणून मीही गेलो. कापायला माळगोंडीच्या बायका मजुरीवर आल्या होत्या. त्यांत महादेवी होती, विळा घेऊन.

रान पिवळं होतं. दोरीच्या आत ज्वारी डुलत होती.

शिवलिंगप्पा आणि मल्लिनाथ नवे कपडे घालून बांधावर उभे होते. बिराजदार दोरी ओलांडून आत गेला, चार पावलं टाकली आणि थांबला. त्यानं एक पाय उचलून चपलेचा तळ बघितला. मग खाली बसला, मूठभर माती घेतली, दाबली. मातीचा गोळा झाला. तो गोळा त्यानं आणून शिवलिंगप्पांच्या हातावर ठेवला आणि कन्नडमध्ये हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मला त्यातला 'नीरु' तेवढा कळला.

शिवलिंगप्पांनी हात जोडले. पोराचं लग्न अडलंय, यंदा तरी गावाला पन्नासच्या वर जाऊ द्या, म्हणाले. बिराजदारनं त्यांचे जोडलेले हात खाली केले. मल्लूसाठी मी स्वतः स्थळं बघतो, म्हणाला, पण गावाचा टँकर जाऊ देणार नाही. आणि तिथंच बांधावर बसून त्यानं लिहिलं, 'प्रयोगाच्या क्षेत्रास पाणी दिल्याचे आढळले. सबब प्रयोग रद्द.' खाली सही. तेच छापल्यासारखं अक्षर.

मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. इतका मी त्याच्यावर कधीच जळलो नव्हतो. बोअरला पाणी लागलं तेव्हा नाही, पेपरात फोटो आला तेव्हा नाही. मला वाटत होतं, हे लिहायला फार अवघड असतं. त्याला दोन ओळी लागल्या.

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, "बिराजदारची नजर चांगली आहे. एरवी उन्हात अशी ओल दिसत नाही, कुणाच्याही लक्षात आलं नसतं."

महादेवी खुंटीजवळ उभी होती. कापायचं रद्द झालं म्हणून ती विळा पदराला पुसत होती. तिनं मान वर केली.

"दिसती की, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मागल्या साली आमच्या रानात तुमच्या दोनी चपला भरल्या हुत्या. तुमी बांधावरच्या दगडाला घासून काढल्या. त्या दगडाला चिखुल अजून तसाच हाय. धुऊन जायला पाऊस कुटं झालाय?"